रविवारी रात्री 'द फायनल्स' (ऑनलाइन शूटिंग गेम): क्विक कॅश मोड

मंडळी, रविवारी रात्री 9 ला ग्रुप कॉलवर या. नांदेड, लातूर, परभणी, सगळेच. अपडेट दुपारीच टाकून ठेवा, लाइटीचा भरवसा नाही. तिघांचं स्क्वॉड शनिवारपर्यंत कळवा.

मोड सोपा आहे: तीन टीम, प्रत्येकी 3 जण. तिजोरी उघडायची, कॅशआउट स्टेशनात (पैसे जमा करायचं मशीन) टाकायची, वेळ भरेपर्यंत स्टेशन राखायचं.

– तिजोरी हातात असताना गोळी झाडता येत नाही. दोघांनी सोबत राहावं.
– स्टेशन चोरलं, म्हणजे दुसऱ्या टीमकडून ताब्यात घेतलं, तरी वेळ पहिल्यापासून सुरू होत नाही. म्हणून आधी बाकीच्या दोघांना भिडू द्या, मग शेवटी घुसा. लवकर घुसलं की दोन्हीकडून मार बसतो, अन् आपले गडी नेमकं तेच करतात.
– स्टेशन वरच्या मजल्यावर असेल तर त्याखालचा स्लॅब फोडा, ते खाली येतं.
– एकानं मीडियम (मध्यम बांध्याचा खेळाडू) घ्यावाच, डिफिब्रिलेटरसह (पडलेल्या साथीदाराला झटपट उठवणारं यंत्र).