आयव्हीएफसाठी वय नोंदणीच्या दिवशीचं धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पन्हाळा तालुक्यात कासारीकाठच्या एका गावात मी 15 वर्षं आशा सेविका आहे. जुलै आला की आमची पळापळ सुरू होते. 11 तारखेला लोकसंख्या दिन आणि त्याला जोडून कुटुंब नियोजनाचा पंधरवडा. पिशवीत निरोध, माला-एन, छायाच्या गोळ्या, दिवस राहिलेत का ते बघायची निश्चय किट. यंदा अशीच फिरत एका घरी गेले तर बाई गोठ्यात धार काढत होती. मला बघून म्हणाली, “आशाताई, तुमच्या त्या पिशवीत माझ्यासाठी कायच न्हाई व्हय?”

त्या पिशवीतून तिला आजवर मी एकच वस्तू देत आले, निश्चय किट. किती दिल्या त्याची गणती नाही. दर वेळी एकच रेघ.

तिला विचारूनच हे लिहिते आहे. 2008 ला ती लग्न होऊन आली तेव्हा 24 वर्षांची होती. पहिली पाच वर्षं जोतिबा, अंबाबाईची ओटी, एक देवऋषी आणि कुणीतरी सांगितलेल्या काढ्यात गेली. 2013 ला गर्भनळ्यांचा एक्स-रे काढला, दोन्ही बाजू बंद. लहानपणी तिला पोटाचा टीबी झाला होता. सरकारी गोळ्यांनी ती खडखडीत बरी झाली, नळ्या मात्र आतून चिकटून गेल्या. आपल्याकडे नळ्या बंद होण्याच्या कारणांत टीबी हे मोठं कारण आहे आणि तो कुणाच्या घरी जास्त येतो हे मी सांगायला नको. म्हणजे आजार सरकारनं फुकट बरा केला, त्या आजारानं जे मागं ठेवलं त्यावर आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, हाच मार्ग, आणि तिथं आल्यावर सांगतात की हे तुमचं तुम्ही बघा.

खासगीत एका खेपेला दोन लाखांच्या घरात खर्च सांगितला. दोन म्हशी, तिचं गंठण आणि दिराकडचे उसने पैसे मिळून 2018 ला एक खेप झाली. गर्भ राहिला नाही. पुन्हा पैसे साठवायला घेतले तोवर 2019 चा महापूर आला, आडसाली ऊस पाण्यात कुजला. मग करोना. मग 2021 ला पुन्हा पाणी. बाईच्या पोटात जी बीजं असतात ती जन्माला येतानाच मोजून आलेली असतात, नवी तयार होत नाहीत, पस्तिशीनंतर तर भराभर कमी होत जातात. कारखान्याचं बिल आज ना उद्या येतं. ही शिल्लक परत भरून येत नाही.

2022 ला ते दोघं एका लांबच्या शहरातल्या सरकारी केंद्रात गेले. नाव नोंदवलं तेव्हा ती 38 ची होती. रक्त तपासलं, पुढची तारीख मिळाली. मग डॉक्टरांची बदली झाली, नंतर औषधं आली नव्हती, नंतर आधीचे रिपोर्ट जुने झाले म्हणून सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. दर वेळी रात्रीची एसटी, दोन दिवसांचा खाडा आणि म्हशींना वैरण घालायला शेजारणीची मनधरणी. नंबर आला त्या दिवशी टेबलामागच्या माणसानं आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला, “चाळिसाच्या वर इथं घेत नाही.”

मी कायदा शोधून वाचला. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिनं समजावून दिला. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा 2021 चा कायदा, 25 जानेवारी 2022 पासून लागू. त्यात बाईचं वय 21 च्या वर आणि 50 च्या आत, पुरुषाचं 21 च्या वर आणि 55 च्या आत असावं एवढंच आहे. चाळीस हा त्या केंद्राचा स्वतःचा नियम. पैसेवाल्याला कायद्याची पन्नाशी आणि गरिबाला टेबलावरची चाळिशी, असा त्याचा अर्थ झाला.

वयाची अट मुळातच नको, असं मी म्हणत नाही. पंचेचाळिशीच्या एका बाळंतिणीबरोबर 108 मध्ये बसून मी गेले आहे, तिचं बीपी बघून माझंच वाढलं होतं. सरकारी पैसा मोजका असेल तर यश येण्याची शक्यता जास्त त्यांना आधी घ्यावं, हेही पटतं. इंग्लंडमध्ये सरकारी सल्ला असा आहे की 40 च्या आत तीन खेपा, 40 ते 42 ला एक. आता तिथंही प्रत्येक भाग आपापला नियम लावतो आणि पत्ता बदलला की हक्क बदलतो म्हणून लोक भांडतात, पण निदान आकडा आधी छापलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीच्या दिवशीचं मोजा. पोलीस भरतीत काय करतात? जाहिरातीत तारीख देतात, त्या तारखेला वय बसलं की झालं. पुढं परीक्षा दोन वर्षं लांबली तरी पोरगं वयानं बाद होत नाही. करोनात भरत्या रखडल्या तर राज्यानं 2023 ला कमाल वयात दोन वर्षांची सवलत दिली. उशीर सरकारचा होता, तो उमेदवाराच्या माथी मारला नाही. इथं तर बाईची तीन वर्षं रांगेनंच खाल्ली.

आयुष्मान भारतमधून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. खासगी आरोग्य विम्याच्या छापील अपवादांत 17 नंबरला तेच आहे. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. टीबीनं किंवा जंतुसंसर्गानं नळ्या बंद झालेल्यांसाठी तरी त्यात एक खेप बसवायला काय हरकत आहे? शेजारच्या गोव्यानं 2023 ला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. आपल्याच राज्यात 6 ऑगस्ट 1986 ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती केईएममध्ये, म्हणजे मुंबई महापालिकेच्या दवाखान्यात. मोफत दवाखान्यात सुरू झालेली गोष्ट पुढं दोन लाखांची कशी झाली, हे कुणीतरी मला समजावून सांगावं. वैद्यकीय शिक्षण खातं आपल्याच जिल्ह्यातल्या कागलच्या हसन मुश्रीफांकडे आहे, कोल्हापुरात मेडिकल कॉलेजच्या शेंडा पार्कात एवढ्या इमारती उठताहेत. आयव्हीएफची पूर्ण सोय तिथं आणि साधं आययूआय (नवऱ्याचं बीज थेट गर्भाशयात सोडायचा उपचार) उपजिल्हा रुग्णालयात मिळालं तर रात्रीची एसटी तरी वाचेल.

‘एवढी लोकसंख्या असताना हे कशाला’ असं मला बैठकीत ऐकवलं जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आहे, म्हणजे बाईमागे दोन मुलंही नाहीत. आणि खरं सांगू का, याच गावात म्हैस उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की एका फोनवर दूध संघाचा माणूस कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची टाकी घेऊन गोठ्यात हजर होतो. पुन्हा उलटली तर पुन्हा येतो. हे त्या बाईचंच बोलणं. ती हसत म्हणाली, मला हसता आलं नाही.

आज ती 41 ची आहे. माझ्या रजिस्टरात जननक्षम जोडप्यांची नोंद बाई 49 ची होईपर्यंत ठेवायची असते, म्हणजे तिचं नाव अजून आठ वर्षं त्यात राहील. त्यातल्या एका रकान्यासाठी दर वर्षी तिच्या दारात उभं राहून मला विचारावं लागतं, “पाळणा लांबवायला कोणतं साधन वापरता?”

आपली,
एक आशा सेविका
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर
(गावात ओळख पटेल म्हणून नाव छापू नये ही विनंती.)