गार इंजिन ऐकणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतलीत तेव्हा मी मनातून नाराज होतो. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला निघायचं होतं. "गार इंजिन ऐकल्याशिवाय काही सांगणार नाही," एवढंच तुम्ही म्हणालात.

त्याआधी दोन गॅरेज झाली होती. चेक इंजिनचा दिवा, स्कॅनरवर पी०४२० हा बिघाडाचा कोड, आणि दोन्हीकडे एकच उत्तर: कॅटकॉन, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेला, ३८,००० रुपये. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून महाग, हे मलाही पटलं होतं. एकाने कोड पुसून दिला. चार दिवसांत दिवा परत लागला.

तुम्ही मात्र आधी पीयूसीचा कागद मागितलात. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, आणि माझा आकडा त्याच्या खूप खाली. धुराच्या नळीला कुठे फट असेल तर तोही फसवा असू शकतो, असं म्हणालात, पण शंका तिथेच धरलीत.

सकाळी सातला स्टार्टर मारलात आणि बॉनेटशी कान दिलात. टिक् टिक् टिक्. इंजिन तापलं तसा आवाज विरला. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून घाट उतरून आलेल्या गाडीत ती सापडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग इंजिन बंद करून, निवू देऊन, सायलेन्सरच्या तोंडातून हलकी हवा सोडलीत आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलंत. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पहिल्या सेन्सरच्या पुढे, कॅटकॉनच्या तोंडाशी बुडबुडे आले. तिथेच काजळीचा काळा ओघळ होता.

धूर ठोक्याठोक्याने जातो, दोन ठोक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि कॅटकॉनच्या मागचा सेन्सर तो जास्तीचा ऑक्सिजन मोजून कॅटकॉनवर आळ घेतो. हे तुम्ही बोटाने दाखवून समजावलंत. नवा कॅटकॉन टाकला असता आणि ती फट तशीच राहिली असती, तर दिवा पुन्हा लागलाच असता. त्या जोडातलं गॅस्केट आणि दोन बोल्ट बदलल्यावर स्क्रीनवर मागच्या सेन्सरची वरखाली उडणारी रेघ ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर झाली. ती बघायला तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत. बिल झालं ८५० रुपये.

पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त लक्षात राहिली आहे. दुरुस्तीआधी मी निघायची घाई केली, तेव्हा तुम्ही किल्ली दिली नाहीत. बॉनेटखाली गळणारा कार्बन मोनॉक्साइड ब्लोअरमधून आत येऊ शकतो, त्याला वास नसतो, आणि तुमची आई काचा लावून बसणार, असं म्हणालात. माझ्या आईचा विचार माझ्याआधी तुम्ही केलात, काका. त्याचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

दिवा त्यानंतर लागलेला नाही. आईने तुमच्यासाठी आंब्याची साठं काढून ठेवली आहेत. रविवारी घेऊन येतो.

आपला,
रत्नागिरीचा एक गाडीवाला