बंद पडलेल्या सर्व्हरला ‘निरोगी’ ठरवणाऱ्या हेल्थ चेकबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
क्लाउड सेवा, मुख्य कार्यालय.

विषय : नव्या लोड बॅलन्सरवर स्थलांतर करताना आमच्या हेल्थ चेकची (सर्व्हर नीट चालतो ना याच्या नियमित तपासणीची) मांडणी न कळवता बदलल्याबद्दल, त्यातून झालेल्या खोळंब्याबद्दल आणि भरपाई नाकारणाऱ्या आपल्या उत्तराबद्दल.

महोदय,

सविनय नमस्कार. गेली चार वर्षे आम्ही आपल्याकडून तीन सर्व्हर, एक डेटाबेस आणि त्यांच्यापुढे एक लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारी यंत्रणा) अशी सेवा घेत आहोत. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानांसाठी आम्ही हिशेबाची प्रणाली चालवतो. सौद्यात फुटलेला दर, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन आणि हमाली-तोलाईसारख्या वजावटी यांचा मेळ घालून शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, याच प्रणालीतून निघते. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले की पुढे हंगामभर सकाळी सौदे आणि त्यापाठोपाठ पट्ट्या असा क्रम असतो, आणि पट्टी हातात पडेपर्यंत गूळ घेऊन आलेला माणूस दुकानाच्या ओट्यावरून हलत नाही. म्हणून सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत प्रणाली चालली पाहिजे, एवढीच आमची आपल्याकडून खरी अपेक्षा असते.

गेल्या महिन्यातील एका रविवारी रात्री आपण आमचा लोड बॅलन्सर नव्या व्यवस्थेवर हलवला. ‘ग्राहकाने काहीही करण्याची आवश्यकता नाही’ असे त्या आधीच्या सूचनेत स्पष्ट लिहिले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास यार्डातून फोन येऊ लागले. पट्टीवर बोट ठेवले की चूक झाल्याचा संदेश येतो, असे काही दुकानांचे म्हणणे होते, तर त्यांच्याच शेजारच्या दुकानांत काम सुरळीत चालले होते. राजारामपुरीतील आमच्या कार्यालयातून उघडून पाहिले तर आम्हालाही काही अडचण दिसेना. आपल्या नियंत्रण फलकावर तिन्ही सर्व्हरसमोर हिरवा दिवा होता.

प्रत्यक्षात दुसऱ्या क्रमांकाच्या सर्व्हरची डिस्क भरली होती. जुन्या नोंदींच्या फायली वेळेवर काढून टाकण्याची व्यवस्था त्या एका सर्व्हरवर बंद पडली होती आणि हा दोष पूर्णपणे आमचा आहे; तो मी या पत्रात लपवत नाही. डिस्कवर जागा नसल्यामुळे पट्टीची फाइल तयार होत नव्हती आणि प्रत्येक विनंतीला ५०० क्रमांकाचे, म्हणजे सर्व्हरमध्ये चूक झाल्याचे, उत्तर जात होते. परंतु तीन सर्व्हर आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर यासाठी आम्ही दरमहा पैसे मोजतो ते नेमके अशाच दिवसासाठी. एक सर्व्हर आजारी पडला की त्याला रांगेतून बाजूला काढायचे आणि उरलेल्या दोघांवर काम वळवायचे, हेच तर लोड बॅलन्सरचे काम आहे.

जुन्या व्यवस्थेवर ते होत असे, कारण आम्ही हेल्थ चेकसाठी एक स्वतंत्र पान लिहिले होते. ते पान दर वेळी डिस्कवर एक छोटी फाइल लिहून पाही, अनुप्रयोग चालू आहे ना याची खात्री करी आणि सर्व ठीक असेल तरच २०० हे उत्तर देई, एरवी ५०३. दर १० सेकंदांनी तपासणी, सलग ३ वेळा नापास झाल्यास सर्व्हर बाहेर आणि सलग २ वेळा पास झाल्यास पुन्हा आत, असे आकडे आम्ही विचारपूर्वक ठरवले होते. म्हणजे बिघाड झाल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात तो सर्व्हर बाजूला व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो एक तास पन्नास मिनिटे ग्राहकांची कामे अंगावर घेत आणि बिघडवत राहिला.

कारण स्थलांतरात आपण आमचे आकडे तसेच ठेवले, पण तपासणीचा प्रकार बदलून एचटीटीपीऐवजी (म्हणजे वेब पान मागून त्याचे उत्तर पाहण्याऐवजी) टीसीपी केला. या दोहोंतील फरक आपल्याला मी सांगावा लागेल असे वाटले नव्हते, परंतु आपल्या उत्तरातील भाषा पाहता तो लिहून ठेवणे भाग आहे. टीसीपी तपासणी पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या ठरलेल्या दारावर, जोडणी होते की नाही एवढेच पाहते. ती जोडणी ऑपरेटिंग सिस्टिमच स्वीकारते. मागचा अनुप्रयोग अडकलेला असो, डिस्क भरलेली असो वा प्रत्येक विनंतीला चूक परत जात असो, पोर्ट ऐकत आहे तोवर जोडणीचे हस्तांदोलन सहसा पूर्ण होते आणि सर्व्हर ‘निरोगी’ ठरतो. मेल सर्व्हर किंवा तत्सम सेवांसाठी, जिथे एचटीटीपी नाहीच, तिथे ही तपासणी योग्य आहे. वेब प्रणालीसाठी एचटीटीपी तपासणी लिहून दिलेली असताना ती काढून तिच्या जागी टीसीपी बसवणे म्हणजे ग्राहकाने नेमलेला पहारेकरी परस्पर बदलणे होय.

काही दुकाने बंद आणि काही चालू, या कोड्याचेही उत्तर यातच आहे. आमच्या मांडणीत एकदा ज्या सर्व्हरवर ग्राहक गेला त्याच सर्व्हरवर कुकीच्या (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या) आधारे त्याला पुन्हा पाठवले जाते. सर्व्हर आजारी ठरला असता तर ही बांधणी आपोआप सुटून त्या दुकानांना उरलेल्या दोहोंपैकी एक सर्व्हर मिळाला असता. तो निरोगी ठरल्यामुळे तीच दुकाने प्रत्येक वेळी त्याच सर्व्हरवर जाऊन आपटत राहिली. आपल्या मदत कक्षाने त्यांना ब्राउझरची साठवण पुसायला सांगितले, तेव्हा कुकीही पुसली गेली आणि काहींचे काम खरोखरच झाले, कारण पुढच्या खेपेस त्यांच्या वाट्याला चांगला सर्व्हर येण्याची शक्यता तीनात दोन होती. त्यावरून दोष दुकानांच्या संगणकात आहे असा निष्कर्ष आपल्या माणसांनी काढला आणि तक्रार बंद केली. ज्या दिवाणजींच्या वाट्याला पुन्हा तोच बिघडलेला सर्व्हर आला, त्यांनी ब्राउझर तीन-तीनदा पुसला.

दुपारी साडेबाराला आपले अभियंता फोनवर उपलब्ध झाले. तपासणी टीसीपीची झाली आहे हे आमच्या लक्षात आल्यावर ती पुन्हा एचटीटीपीची करावी अशी विनंती आम्ही केली आणि आमच्या पानाचा पत्ताही सांगितला. त्यांनी प्रकार बदलला, मात्र पत्त्याच्या जागी मूळ पानाचा, म्हणजे नुसता तिरक्या रेघेचा, ठरीव पत्ता तसाच राहू दिला. आमचे मूळ पान लॉगिनकडे वळवते, म्हणजे ३०२ हे उत्तर देते, आणि आपली तपासणी २०० शिवाय दुसरे काही मानत नाही. पुढच्या अर्ध्या मिनिटात तिन्ही सर्व्हर, त्यांतले दोन अगदी ठणठणीत असताना, एकदम नापास होऊन बाहेर गेले आणि तोवर चालू असलेल्या दुकानांसह सर्वांना ५०३ दिसू लागले. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरसारख्या काही सेवांत एका गटातील सर्वच सर्व्हर नापास झाले तर तपासणीतच काही चुकले असावे असे धरून सर्वांकडे विनंत्या पाठवल्या जातात. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि ती नाही हे आपल्या मार्गदर्शक पानांवर कोठेही लिहिलेले नाही.

त्यानंतरच्या सत्तावीस मिनिटांविषयी मला विशेष लिहायचे आहे. आपल्या अभियंत्यांचा निष्कर्ष ‘तुमचे तिन्ही सर्व्हर बंद पडले आहेत’ असा होता आणि त्यांच्या सांगण्यावरून आम्ही ते एकामागोमाग एक पुन्हा सुरू केले. अर्थातच काही फरक पडला नाही. नापास सर्व्हर आपोआप नष्ट करून नवा उभा करण्याची सुविधा आम्ही घेतलेली नव्हती, हे दैवच म्हणायचे. ती असती तर निरोगी सर्व्हर एकामागून एक मारले गेले असते. शेवटी मी त्यांना तपासणीचा पत्ता पडद्यावरून मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा चूक उघड झाली. दुरुस्त पत्ता टाकल्यावर दोन सर्व्हर वीस सेकंदांत आत आले, आणि डिस्क भरलेला दुसऱ्या क्रमांकाचा सर्व्हर, जसा पहिल्यापासून राहायला हवा होता तसा, बाहेर राहिला.

याच संभाषणात आपल्या अभियंत्यांनी आणखी एक सल्ला दिला, जो मी नाकारला आणि ज्याची नोंद व्हावी अशी माझी इच्छा आहे. तपासणीच्या पानाने डेटाबेसमधून एखादा मोठा अहवाल काढून पाहावा आणि उत्तराची मुदत २ सेकंद ठेवावी, म्हणजे ‘पक्की’ तपासणी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आमचा डेटाबेस एकच आहे. तो रात्रीची प्रत काढताना किंवा गर्दीच्या वेळी दोन-तीन सेकंद मंदावला, तर तिन्ही सर्व्हर एकाच क्षणी नापास होतील आणि जे काम थोडे हळू झाले असते ते पूर्ण थांबेल. ज्या बिघाडावर सर्व्हर बदलणे हा उपाय नाही, त्या बिघाडासाठी सर्व्हरला बाहेर काढण्यात काय हशील? असा सल्ला इतर ग्राहकांना सरसकट दिला जात असेल तर तो कृपया थांबवावा.

आता आपल्या उत्तराकडे वळतो. करारानुसार आपण महिन्याला ९९.९५ टक्के उपलब्धतेची हमी देता. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, म्हणजे खंडासाठी आपल्याला २१.६ मिनिटांची मुभा आहे. पहिले एक तास पन्नास मिनिटे बाजूला ठेवली, कारण तेव्हा सेवा अंशतः चालू होती, तरीही नंतरची सत्तावीस मिनिटे ही मर्यादा ओलांडतात. यावर आपण लेखी कळवले आहे की ५०३ हे उत्तर लोड बॅलन्सरने स्वतः दिले, त्याअर्थी लोड बॅलन्सर त्या वेळी उपलब्ध होता आणि खंड शून्य मिनिटांचा आहे. ‘आज दुकान बंद’ अशी पाटी हातात धरून नोकर दारात उभा होता म्हणून दुकान दिवसभर उघडेच होते, असे मार्केट यार्डात कोणी सांगितले तर लोक त्याची कीव करतील. पहिल्या टप्प्याबद्दल आपण लिहिता की हेल्थ चेकच्या नोंदींनुसार तिन्ही सर्व्हर निरोगी होते. त्या नोंदी तशाच असणार; आमची तक्रारच अशा खोट्या नोंदी करणाऱ्या तपासणीविषयी आहे.

म्हणून आमची मागणी अशी आहे की त्या दिवशीच्या खंडासाठी करारात ठरलेली सवलत आमच्या पुढील देयकात वळती करावी, आणि सत्तावीस मिनिटांचा हिशेब ग्राहकाला मिळालेल्या उत्तरांवरून करावा. रविवारच्या स्थलांतरात आमच्या मांडणीतील आणखी कोणकोणत्या गोष्टी बदलल्या, याची जुनी आणि नवी मांडणी शेजारी ठेवून केलेली लेखी यादी मिळावी. सर्व्हर बाहेर काढताना चालू विनंत्या पूर्ण होऊ देण्याची मुदत आणि नव्याने सुरू झालेल्या सर्व्हरला दिली जाणारी सवड या दोन गोष्टी त्यात विशेषतः नमूद असाव्यात, कारण त्या आता किती सेकंदांच्या आहेत हे आपल्या फलकावर आम्हाला दिसत नाही. हेल्थ चेक नापास झाला की तो कोणत्या पत्त्यावर, कोणत्या उत्तराने आणि किती वेळाने नापास झाला हे ग्राहकाला स्वतः पाहता आले पाहिजे. ते त्या मंगळवारी दिसत असते तर ३०२ हा आकडा पाहून आम्ही दोन मिनिटांत मोकळे झालो असतो. आणि यापुढे तपासणीचा प्रकार, पत्ता, अंतर किंवा नापासाची मर्यादा यांपैकी काहीही आमच्या लेखी संमतीशिवाय बदलू नये.

आमच्याकडील सर्व्हरच्या नोंदी, दुकानांकडून आलेल्या तक्रारींच्या वेळा आणि स्थलांतराची आपली मूळ सूचना सोबत जोडली आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तर मदत कक्षाकडून न येता, लोड बॅलन्सरची मांडणी ज्यांच्या हातात आहे अशा विभागाकडून यावे, ही विनंती.

आपला,
भागीदार व तांत्रिक व्यवस्थापक,
राजारामपुरी, कोल्हापूर.

सोबत : वर उल्लेखिलेली कागदपत्रे.