गाड्या बोलतील हो, पण ऐकू कोणाला येणार?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गाड्या एकमेकींशी वायरलेसवर बोलून अपघात टाळणार हा आपल्या पेपरातला लेख वाचला. लेख चांगलाय, पण सगळा भर रेंज आणि स्पीडवर, खरी गोची राहूनच गेली. सगळ्यांना चॅनल एकच, मग कोणी कधी बोलायचं हे ठरवणार कोण?

२०१० साली गाड्यांसाठी आलेलं ८०२.११पी हे स्टँडर्ड वायफायच्याच घराण्यातलं. त्यात सीएसएमए असतं, म्हणजे आधी चॅनल ऐकायचा, मोकळा असला तर पाठवायचं नाहीतर रँडम वेळ थांबायचं. घरच्या वायफायमधे पोच आली नाही की मेसेज परत जातो आणि थांबायची मुदतही वाढत जाते. इथे सगळं ब्रॉडकास्ट, म्हणजे एकीने बोलायचं आणि आसपासच्या सगळ्यांनी ऐकायचं, त्यामुळे पोच नाही, रिट्राय नाही, मेसेजची टक्कर झाली तरी पाठवणारीला पत्ताच नाही!

साधा हिशोब करा. ३०० बाइटचा मेसेज ६ एमबीपीएसने जायला साधारण ०.४५ मिलिसेकंद लागतात, प्रत्येक गाडी सेकंदाला १० मेसेज टाकते आणि टप्प्यात २०० गाड्या असल्या तर सेकंदातले ९०० मिलिसेकंद नुसत्या मेसेजमधेच संपले, मधल्या थांबण्याला जागा उरतेच कुठे. त्यात ज्या दोघींना एकमेकींचं ऐकू येत नाही त्या मधल्या तिसरीच्या कानात एकदमच ओरडतात, ते वेगळंच. म्हणून युरोपात चॅनल भरला की मेसेज कमी करायचा नियम आहे. जाममधे अडकलेल्या गाडीला ते चालेल, पण शेजारच्या मोकळ्या लेनमधून ८० ने येणारीचं काय?

मोबाइलवाल्यांनी २०१७ मधे आपल्या स्टँडर्डच्या रिलीज १४ या आवृत्तीत दुसरी पद्धत आणली. मागच्या एका सेकंदातला चॅनल बघून गाडी मोकळा स्लॉट, म्हणजे चॅनलवरची ठरावीक जागा, धरते आणि ५ ते १५ मेसेज त्याच स्लॉटमधून पाठवते. गर्दीत हे बरं वाटतं खरं, पण दोघींनी एकच स्लॉट धरला तर टक्कर एकदा होऊन थांबत नाही, पुढची निवड होईपर्यंत अर्धा ते दीड सेकंद चालूच राहते, आणि पाठवताना ऐकता येत नसल्याने नेमक्या त्या दोघीच एकमेकींना गायब. वर निवडीच्या वेळी जुनाच स्लॉट ठेवायची शक्यता ०.८ पर्यंत सेट करता येते, म्हणजे टक्कर आणखीच लांबू शकते. १०० च्या स्पीडला दीड सेकंदात गाडी ४० मीटरच्या पुढे गेलेली असते.

म्हणून माझं म्हणणं, सरासरी किती टक्के मेसेज पोचले हा आकडा फसवा आहे. शंभरात पाच हरवले ते विखुरलेले असतील तर काही बिघडत नाही, एकाच गाडीचे ओळीने हरवले तर ती गाडी नसल्यातच जमा. जहाजं आपण कुठे आहोत ते एकमेकांना ज्या एआयएस यंत्रणेवर कळवतात, तिच्यात गर्दी झाली की सर्वात लांबच्या जहाजाचा स्लॉट परत वापरतात, ही आयडिया मला फार पटते, टक्कर झालीच तर लांबच्याशी होऊदे ना! अर्थात त्याला सगळ्यांची घड्याळं जीपीएसवरून जुळलेली लागतात, बोगद्यात जीपीएस गेलं की पंचाईत.

गाड्यांना बोलायला मिळालेली रेडिओलहरींची जागाही आकसतेय. अमेरिकेने १९९९ मधे यासाठी ७५ मेगाहर्ट्झ ठेवले होते, २०२० मधे त्यातले ४५ वायफायला देऊन टाकले.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या चाचणीची बातमी छापाल तेव्हा टप्प्यात गाड्या किती होत्या आणि एका गाडीच्या दोन मेसेजमधला सर्वात मोठा गॅप किती होता एवढं विचारून छापा. चार गाड्यांच्या डेमोत कुठलाही प्रोटोकॉल पास होतो.

आपला,
एक नियमित वाचक