निर्यात वाळूजची, गहाण घरचं सोनं

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर वाळूज औद्योगिक वसाहतीतली यंत्रं पुन्हा धडधडली, पण छोट्या निर्यातदाराचा पैसा कागदांतच अडकला. 2021 मध्ये 136 देशांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान 15 टक्के कर मान्य केला, तोही उलाढाल 75 कोटी युरोंच्या वर असेल तर. आमचं त्यात काय! आमचं करनियोजन म्हणजे मार्चअखेर आठवणीनं एलयूटी, म्हणजे आधी कर न भरता निर्यात करू देणारं हमीपत्र, भरणं. एका वर्षी ते राहिलं. जर्मनीला निघालेल्या दोन पेट्यांवर आधी आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) भरला, आणि परतावा येईपर्यंत कामगारांचे पगार बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून केले. चूक माझीच. पण जिल्हा उद्योग केंद्रात महिन्यातून एकदा तरी परदेशी व्यवहारांचा कर समजावणारा माणूस बसवायला काय हरकत आहे?

– एक लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर