मनू, आधी कॉम्प्युटरचा पत्ता बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मघाशी तू सांगत होतीस की कॉम्प्युटरला नेट नाही पण मोबाईल वायफायवर मस्त चालतोय, आणि तेवढ्यात फोन कट झाला, मग लागेचना, म्हणून लिहूनच पाठवतोय. अगं, मोबाईल त्याच राउटरवर चालतोय म्हणजे बाहेरची लाइन चांगली आणि राउटरही चांगला, बिघाड तुझा कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधेच कुठेतरी आहे. त्यामुळे कंप्लेंट टाकून माणसाची वाट बघत दिवस घालवू नकोस.

आणि राउटरच्या मागे रीसेटचं बारीक भोक असतं त्यात पिन अजिबात घालायची नाही. बटण बंद करून मिनिटभराने चालू करणं वेगळं, ते खुशाल कर. पिनने रीसेट केलं की कनेक्शनचा युजरनेम पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि मग मोबाईललाही नेट राहणार नाही.

आता कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघ, केबल जिथे खोचलीय तिथे बारीक दिवा असतो तो लागलाय का? नसेल लागला तर केबल दोन्ही टोकांना काढून परत लाव, टक असा आवाज यायला पाहिजे, प्लगची क्लिप तुटलेली असली तर केबल हळूहळू सैल होत जाते. तरी नाही लागला तर राउटरचं दुसरं पोर्ट बघ, नाहीतर केबलच बदल. केबलच्या बाबतीत माझा कुणावर विश्वास राहिला नाही बघ. मागच्या पावसाळ्यात आईच्या कॉम्प्युटरवर दिवा लागलेला, नेट चालू, पण दोन कॉम्प्युटरमधे फोटो कॉपी करायला घेतले की संपता संपेनात. बघितलं तर स्पीड हजारच्या जागी १०० एमबीपीएस. कपाट सरकवलं तर उंदराने केबल कुरतडलेली, वरचं आवरण गेलेलं आणि आतली तपकिरी तार तुटून लोंबत होती. आत ८ तारा असतात म्हणजे ४ जोड्या, १०० ला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात, म्हणून अशी केबल धड चालूही नसते आणि बंदही नसते.

दिवा लागलेला असेल तर काळ्या खिडकीत, म्हणजे सीएमडीत, आयपीकॉन्फिग टाइप कर आणि आयपीव्ही४ च्या ओळीतला आकडा बघ, तोच कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला, म्हणजे परत केबल नाहीतर राउटर बंद-चालू.

आणि हे लिहिता लिहिताच मला आठवलं गं. तू हा कॉम्प्युटर इथून नेलास ना, इथे प्रिंटर शेअर करण्यासाठी मी त्याला कायमचा पत्ता टाकून ठेवला होता, १९२.१६८.१.५०, आणि नेताना तो काढायचा राहिला. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे, तिथल्या राउटरचा १९२.१६८.०.१ असेल तर तिसरा आकडा वेगळा पडल्यामुळे ही दोघं एकमेकांना सापडणारच नाहीत, दिवा लागेल, पत्ता दिसेल आणि नेट मात्र शून्य. मला वाटतं हेच झालंय. राउटरच्या खाली स्टिकरवर पत्ता असतो तो बघ आणि त्याला पिंग कर, म्हणजे त्याच काळ्या खिडकीत पिंग लिहून पुढे तो पत्ता टाक आणि उत्तर येतं का बघ, अनरीचेबल आलं तर नक्कीच. मग विंडोज आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल लिही, इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४, तिथे वर आणि खाली दोन्हीकडे ऑटोमॅटिकली निवड. खालचं विसरू नकोस, तिथे डीएनएस असतो, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा, तो जुनाच राहिला तर बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग जाईल पण एकही साइट उघडणार नाही.

प्रिंटरचं नंतर बघू, त्यासाठी विंडोजच्या सेटिंगमधे नेटवर्क पब्लिकचं प्रायव्हेट करावं लागेल. आधी स्टिकरवरचा आकडा आणि आयपीकॉन्फिगचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाक, मी जागाच आहे. आणि आई विचारतेय जेवलीस का.

तुझा,
बाबा