कमळाला बाधतो तो तोकडा उन्हाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील बागकामाच्या सदरात एका वाचकाने विचारले होते की, टोरांटोजवळ राहणाऱ्या त्यांच्या मुलाला आणि सुनेला अंगणात कमळ लावायचे आहे, तर बियांपासून ते तिथे येईल काय? कमळ हे उष्ण प्रदेशातले झाड असल्यामुळे बर्फ पडणाऱ्या मुलखात हा खटाटोप व्यर्थ ठरेल, असे उत्तर सदरकारांनी दिले. शिवाय इंदूरच्या वाचकांनी संक्रांतीच्या सुमारास कमळगट्टे, म्हणजे कमळाच्या कडक बिया, सरळ चिखलात पेरावेत, असा सल्लाही त्यांनी दिला. या दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला धरून नाहीत. परदेशी गेलेल्या मुलांसाठी असे प्रश्न इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतून विचारले जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

कमळ थंडीने मरते हा समज खरा असता, तर काश्मीरच्या दल सरोवरात ते दिसले नसते. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, कधीकधी पाणी गोठते, आणि तरीही जुलै-ऑगस्टमध्ये सरोवराचा मोठा भाग कमळांनी भरून जातो. त्याच कमळांचे चिखलातले कंद काश्मिरी लोक नदरू म्हणून आवडीने खातात. रशियात वोल्गा नदी कॅस्पियन समुद्राला मिळते त्या आस्त्राखानच्या त्रिभुज प्रदेशात कडाक्याच्या हिवाळ्यानंतर दरवर्षी कमळांचे अफाट ताटवे फुलतात. आणि ज्या टोरांटोचा प्रश्न होता, त्याच ऑन्टारियो प्रांताच्या दक्षिण टोकाला, एरी सरोवराकाठच्या पाणथळीत, अमेरिकेचे मूळचे पिवळे कमळ रानात वाढते. म्हणजे उत्तर नकारार्थी देण्याचे काहीच कारण नव्हते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हिवाळ्यात कमळाची पाने आणि देठ वाळून जातात, पण झाडाचा जीव तळच्या चिखलातल्या कंदात असतो. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड होते, त्यामुळे पुरेशा खोल तळ्यात वर बर्फाचा थर जमला तरी तळाचे पाणी गोठत नाही आणि वरचा बर्फच खालच्या पाण्याला पांघरुणासारखा जपतो. कंद स्वतः गोठला तर मात्र तो सडतो. गोठला नाही तर वसंतात पुन्हा फुटतो. खरी अडचण उन्हाळ्याची आहे. पाणी वीस अंशांच्या वर गेल्याशिवाय कमळ जोमाने वाढत नाही, आणि कळ्या धरण्यासाठी त्याला चोवीस-पंचवीस अंशांच्या वरचे कित्येक आठवडे सलग लागतात. आस्त्राखान, श्रीनगर आणि दक्षिण ऑन्टारियो या तिन्ही ठिकाणी हिवाळा कठोर असला तरी उन्हाळा चांगला तापतो. इंग्लंडमध्ये हिवाळा त्या मानाने सौम्य असूनही उघड्या तळ्यात कमळ क्वचितच फुलते, आणि ज्यांना फुले हवी असतात ते काचगृहाचा आधार घेतात. तेव्हा आपल्या मुलांनी आपल्या गावी हिवाळ्यात पारा किती खाली उतरतो हे पाहण्याआधी जून ते ऑगस्ट दुपारी ऊन किती असते हे पाहावे.

या संदर्भात फुलाच्या उबेविषयीही अनेकदा चुकीचे सांगितले जाते. रॉजर सीमोर आणि पॉल शुल्त्झ-मोटेल या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले की, बाहेरची हवा दहा ते तीस अंशांच्या दरम्यान असताना कमळाचे फूल स्वतःचे तापमान तीस ते छत्तीस अंशांत राखते. ही गोष्ट विलक्षण आहे खरी, पण ती ऊब उमलत्या फुलापुरती आणि थोड्या दिवसांपुरती असते. तिच्यामुळे रोपाला किंवा कंदाला थंडीपासून संरक्षण मिळत नाही.

आता बियांविषयी. पक्व कमळगट्ट्याचे कवच इतके घट्ट असते की त्यातून पाणी आत शिरत नाही, आणि यामुळेच ते बी शतकानुशतके जिवंत राहू शकते. जपानमध्ये चिबाजवळच्या केमिगावा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा यांना १९५१ साली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मानली जाणारी बीजे मिळाली आणि त्यांच्यापासून वाढवलेल्या रोपाला १९५२ मध्ये फूल आले. चीनच्या लिआओनिंग प्रांतातील एका आटलेल्या सरोवरात सापडलेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे बीही पुढे अमेरिकेतील प्रयोगशाळेत रुजवण्यात आले. असे बी नुसते चिखलात टाकले, तर ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे पडून राहील. सदरकारांचा दुसरा सल्ला म्हणूनच मला पहिल्यापेक्षा अधिक नुकसानकारक वाटतो, कारण त्याप्रमाणे वागणारा माणूस महिनाभर वाट पाहून बियांना दोष देईल आणि पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.

बी रुजवायचे तर कवच एका जागी घासावे लागते. कमळगट्ट्याच्या एका टोकाला बारीक चोच असते आणि दुसऱ्या टोकाला लहानसा खळगा असतो. बी पकडीत धरून हे खळग्याचे टोक कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरवर घासत जावे, आणि काळपट कवचाखालचा फिकट पांढरट भाग दिसू लागताच थांबावे. त्याहून खोल गेल्यास आतला गर उघडा पडतो आणि बी कुजते. हातोडीने फोडणे, उकळत्या पाण्यात टाकणे किंवा सुरीने कापणे हे उपाय काही जण सांगतात. पहिल्या दोन्हींत बी दगावण्याचा आणि तिसऱ्यात बोट कापण्याचा धोका आहे. घासलेली बीजे काचेच्या ग्लासात पंचवीस ते तीस अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावीत. एक-दोन दिवसांत चांगले बी फुगून जवळपास दुप्पट होते. जे तरंगतच राहते ते बहुधा पोकळ असते आणि काढून टाकलेले बरे. पाणी रोज बदलावे, कारण ते लवकर गढूळ होते, आणि नवे पाणीही तितकेच कोमट असावे. साधारण आठवड्याच्या आत हिरवा कोंब बाहेर पडतो, मग पाण्याखाली उलगडणारी नाण्याएवढी पाने येतात, आणि मुळे मात्र त्यांच्यानंतर सावकाश फुटतात. मुळे दिसेपर्यंत रोप मातीत नेण्याची घाई करू नये.

लावण्यासाठी तळाला भोक नसलेले पसरट आणि गोल भांडे घ्यावे. चौकोनी टबात वाढणारा कंद कोपऱ्यात जाऊन अडतो. कोकोपीट किंवा विकतचे कुंडीचे मिश्रण पाण्यावर तरंगते, त्यामुळे ते इथे निरुपयोगी आहे. जड चिकणमाती हवी, आणि माळव्याची काळी माती त्यासाठी फार चांगली. रोप लहान असताना त्यावर चार बोटे पाणी पुरते. पाण्याच्या वर उभी राहणारी पाने येईपर्यंत खत अजिबात घालू नये, कारण कोवळी मुळे त्याने जळतात. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे. एवढे केल्यावरही पहिल्या वर्षी फूल येईलच असे नाही. बियांपासूनचे कमळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलते, आणि ते मूळ झाडासारखेच असेल याची खात्री नसते. ठरावीक जातीचेच फूल हवे असेल तर कंद आणावा.

टोरांटोच्या सूनबाईंनी मार्च-एप्रिलमध्ये घरात, भरपूर उजेडाच्या खिडकीशी बी रुजवावे आणि रात्रीची थंडी ओसरून पाणी वीस अंशांच्या आसपास टिकू लागले की टब बाहेर न्यावा. लवकर सुरुवात करण्याला तिथे विशेष अर्थ आहे. दिवस लहान होऊ लागले की कमळ पाने वाढवणे थांबवून कंद भरू लागते. उशिरा लावलेल्या रोपाला तोवर पुरेसे बळ आलेले नसते आणि बारीक कंद हिवाळ्यात टिकत नाही. शरद ऋतूत पाने वाळल्यावर टब गोठणार नाही अशा थंड तळघरात किंवा गॅरेजमध्ये हलवावा आणि माती ओली राहील इतके पाणी ठेवावे. तो गरम दिवाणखान्यात आणू नये, कारण अंधूक उजेडात अवेळी फुटलेला कोंब कंदाची शिल्लक संपवतो. बियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. इथून सामानात कमळगट्टे टाकून नेणे योग्य नाही. बियाणे नेण्यासाठी त्या त्या देशाचे नियम आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राची अट असते. बी तिथल्याच विक्रेत्याकडून घ्यावे.

इंदूरच्या वाचकांसाठी हंगाम निराळा आहे. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याहून खाली जाते. त्या पाण्यात घासलेले बी फुगते, पण कोंब पुढे सरकत नाही आणि अखेर कुजतो. महाशिवरात्रीनंतर, होळीच्या सुमारास सुरुवात केली तर पुढचे तीन महिने कमळाला हवे तसे ऊन आपसूक मिळते. मार्गशीर्ष-पौषात पाने तपकिरी पडली की झाड मेले असे समजून लोक टब रिकामा करतात, याचे मला फार वाईट वाटते. आपल्याकडे टबातले पाणी गोठत नाही, आतला कंद सुखरूप असतो. त्याला फक्त ओला ठेवायचा असतो.

बी घेतानाही जपावे. जपाच्या माळेतल्या मण्यांना आरपार भोक पाडलेले असते आणि त्यात आतला अंकूर बहुधा दुखावलेला असतो, म्हणून पूजेच्या दुकानातून सुटे, अखंड आणि जड कमळगट्टे निवडावेत. मखाणा हे कमळाचे बी नव्हे, ते वेगळ्याच काटेरी पाणवनस्पतीचे असते. ऑनलाइन विकले जाणारे निळ्या, काळ्या किंवा इंद्रधनुषी कमळाचे बी कोणी घेऊ नये. खऱ्या कमळात गुलाबी, पांढरा आणि पिवळा एवढेच रंग व त्यांच्या छटा असतात. निळे फूल हे कमळाचे नसून कुमुदाच्या कुळातले असते.

टबात गप्पी मासे अवश्य सोडावेत, डेंग्यूच्या दिवसांत साचलेले पाणी उघडे ठेवणे हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. आणि इंदूरजवळच्या गुलावटच्या कमळतळ्याला भेट देऊन उत्साहाने बी रुजवणाऱ्यांना एक विनंती: उरलेली रोपे सिरपूरच्या किंवा यशवंतसागरच्या पाण्यात नेऊन सोडू नका. हे दोन्ही जलाशय २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत. कमळ एकदा पसरले की उघडे पाणी झाकून टाकते, आणि तिथे उतरणाऱ्या बदकांना ते उघडे पाणीच हवे असते. जादा रोपे ओळखीच्या घरी बादलीतून द्यावीत.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, सुदामानगर, इंदूर